काथ्याचा झगा

तेरेझाने नारळाचं शेवटचं सोडण दगडावर आडवं ठेवलं आणि दांडक्याने असं बडवलं की भुसा उडून तिच्या भुवयांवर बसला. आठ महिने खाडीच्या चिखलात पुरलेली सोडणं होती ती. आखूड, काळपट काथ्या दोरखंडाला चालतो. झग्यासाठी तिने लांब, पिवळाधमक तेवढाच निवडून सुपात घेतला होता. बाबुश, तिचा धाकटा भाऊ, परवाच बोटीने मुंबईहून आला होता आणि उंबऱ्यातच म्हणाला होता,

"बाय, पयलो झगो झिजलो. दुसरो करून दी. शनवारी माका परत जावचा आसा."

झिजला म्हणजे खेळ पुष्कळ झाले असणार. तेरेझाचा ऊर भरून आला होता.

पहिला झगा गेल्या वर्षीचा. बाबुशने पत्रात एवढंच लिहिलं होतं की रंगमंचावर घालायला काथ्याचा झगा हवा. त्याला कशाचं सोंग मिळालं असेल हे तेरेझाला कुणी सांगावं लागलं नाही. येशूला बाप्तिस्मा देणारा, रानात राहणारा, उंटाच्या केसांचं वस्त्र नेसणारा सां जुवांव! मुंबईत उंटाचे केस कुठून मिळणार? म्हणून काथ्या. तिने शिडाच्या कापडाच्या पट्टीवर तंतू न् तंतू शिवला, पाद्रीबाबांकडे नेऊन त्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं, आणि मगच पार्सल केलं. वाडीत एक घर सोडलं नाही तिने. आपला बाबुश मुंबईत सां जुवांव होतो, हे सगळ्यांना ऐकवून झालं. बाबुशने झगा मिळाल्याचं कळवलं. बाकी काही कळवलं नाही.

कुंपणापलीकडून सत्यवान आला. तो बोटीवर कोळसा ओढायच्या कामाला होता. सात महिन्यांनी घरी आला होता आणि रविवारी पुन्हा निघणार होता. सुपातला काथ्या बघून तो जागीच थबकला.

"ह्या कोणासाठी गो, तेरेझाबाय?"

"बाबुशाक झगो. पयलो झिजलो ना."

"तो पयलो... तू केल्लंस?"

"मगे कोण? सां जुवांवाचो झगो काय बाजारात गावता?"

सत्यवान खाली बसला. डोक्याचा रुमाल काढून त्याने गुडघ्यावर ठेवला, पुन्हा उचलला.

"तो झगो घातलेलो बाबुश मी बघलंय," तो म्हणाला. "तो सां जुवांव नाय. तेच्या तोंडाक बुटाचा काळा पालिश होता."

दांडकं तेरेझाच्या हातातच राहिलं.

मग सत्यवानाने सगळं सांगितलं. त्याच्याबरोबर भट्टीवर जुमा नावाचा मोंबासाचा माणूस होता. बोट मुंबईला लागली तेव्हा जुमाने विचारलं, एवढ्या मोठ्या शहरात आमच्याकडचं नाचाचं वाजप कुठे ऐकायला मिळेल? खलाशांच्या वसतिगृहातल्या कारकुनाने इंग्रजी पेपर उघडून दाखवला. दारूबंदी आल्यापासून बड्या हॉटेलांना गिऱ्हाईक ओढायला रोज नवा नाच लागत होता. एका हॉटेलात दर शनिवारी आफ्रिकेचं संगीत आणि कांगोच्या जंगलातून आणलेला अस्सल वादक, असं छापलेलं होतं. जुमाने पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, टाय बांधला, बूट चकचकीत केले. पण हॉटेलच्या दारवानाने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, दोघांना उभं राहायला सांगितलं, आत जाऊन आला आणि म्हणाला, ह्याला सोडायचा हुकूम नाही.

"मी भांडलंय तेच्यावांगडा. इतक्यात कोणतरी भितर गेला, दार उघडला, आनी माका घुमट ऐकूक इला, बाबुशय दिसलो. तुझ्या पप्पाचा घुमट, तेरेझाबाय. तुझ्या रोसाक वाजयलेलो, तोच ठेको."

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंगाला नारळाचा रस लावताना बापाने मातीच्या घुमटावर वाजवलेला ठेका तेरेझाने तेव्हा ऐकला होता. नवरा दोन वर्षांत गेला, बाप त्यानंतर गेला. तो ठेका तेवढा बाबुशच्या हातात उरला होता. आणि तो कांगोच्या जंगलातला म्हणून लोकांना विकायचा! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आनी तो जुमा? तो काय म्हणालो?"

"तो दारात उभो रवान ऐकत होतो. म्हणालो, ह्या आमचा नाय. पण वाजवणारो बरो आसा. खंयचो तो?" सत्यवानाने मान खाली घातली. "माझ्या गावचो, असा सांगूक माझी जीभ रेटूक नाय."

"काळ्यांचो नाच म्हणान लोकांका बोलवतत, आनी काळो माणूस दारात इलो तर तेका हाकलतत? माणसां की कोण ती? मी येतंय मुंबयक. त्या मालकाच्या तोंडार जावन इचारतंय!"

ती उठून उभी राहिली. त्या क्षणी तो मालक समोर असता तर दांडकं त्याच्याच डोक्यात बसलं असतं.

बाबुश किनाऱ्यावरून आला तेव्हा त्याच्या हातात माडाच्या हिरात ओवलेले चार बांगडे होते. सत्यवानाला बघून तो हसला, मग बहिणीचा चेहरा बघून हसू तिथेच थांबलं.

"पालिश लावन नाचतंस?" तेरेझा म्हणाली. "माझ्या झग्यात? पाद्रीबाबानी पाणी घातलेल्या झग्यात?"

"सां जुवांव मी म्हणूक नाय, बाय. तू म्हटलंस."

"आनी तू गप रवलंस!"

बाबुशने बांगडे पायरीवर ठेवले. तांब्याने पायांवर पाणी घेतलं, पाय धुऊन झाले तरी घेत राहिला.

"चौदा वर्सां बँडात मागे बसान वाजयलंय," तो म्हणाला. "कोणी नावपण इचारूक नाय. झगो घातलंय, तेव्हा लोक उठान टाळये वाजवूक लागले."

हे ऐकून तेरेझाचा राग क्षणभर अडखळला. त्याचे पाय बापासारखेच होते, पुढची बोटं फाकलेली. पण तिला पांढऱ्या शर्टातला, टाय बांधलेला तो अनोळखी माणूस आठवला आणि राग पुन्हा वर आला.

"वाजय खुशाल. पण जो मालक पावण्याक दारातसून परत धाडता, तेच्याकडे नाय. उद्या चिटी लिही तेका. लिही, माझ्या बहिणीन सांगल्यान, तुझ्यासारख्या माणसाची चाकरी आमका नको."

बाबुशने रिकामा तांब्या पायरीवर उपडा ठेवला.

"लिवतंस की नाय?"

"मालकान धाडूक नाय तेका," बाबुश म्हणाला.

सत्यवानाने मान वर केली.

"दारवान भितर इलो होतो. म्हणालो, आफ्रिकेचो खरो माणूस इलो आसा. मालक खूष झालो. म्हणालो, पुढच्या टेबलार बसवया, लोकांका दाखवया." बाबुश तांब्याकडे बघत होता. "मीच सांगलंय, नको म्हणान. तो माझ्याशी तेच्या भाशेत बोललो असतो तर मी काय केलंय असतंय?"

मांजर बांगड्यांपाशी आलं, तरी त्याला कुणी हाकललं नाही. मघाशी त्या मालकासाठी उचललेलं दांडकं अजून तेरेझाच्या हातात होतं. तिने ते भिंतीला टेकवून ठेवलं.

मग ती खाली बसली आणि सुपातला लांब, निवडलेला काथ्या तिने बाजूच्या, दोरखंडासाठी ठेवलेल्या काळपट ढिगात ओतला. दोन्ही हातांनी एक केला.

"बाय, शनवारी..." बाबुश म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"सत्यवान, तो जुमा रयवारी बोटीर आसतलो?"

"आसतलो."

"तेना इचारल्यान ना, वाजवणारो खंयचो? सांग तेका. आमच्या गावाचा नाव सांग, पप्पाचा नाव सांग. वाजवणारो माझो भाव, असा सांग." तिने सुपाच्या कडेला अडकलेले तंतू ढिगात झटकले. "आनी दारात अडवणारोय माझोच भाव, ह्यापण सांग."

सत्यवान कुणाकडेच न बघता रुमाल बांधू लागला. तेरेझाने ढिगातून मूठभर काथ्या उचलला आणि तळहातांवर दोरी वळायला घेतली.