मागच्या चाकांना डिस्क

गाडीच्या मागच्या चाकांचे ब्रेक-ड्रम निघता निघेनात. गॅरेजवाल्या इनायतभाईंनी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकून पाहिलं, गंजावर तेल सोडलं. शेवटी अनिताने ड्रमच्याच भोकांत दोन बोल्ट घातले आणि आळीपाळीने पिळत नेले. ‘टक्’ असा आवाज झाला आणि ड्रम सुटला.

“निघाला!” ती एवढ्या जोरात ओरडली की गॅरेजशेजारच्या रसवंतीवरची माणसं वळून पाहू लागली.

गाडी वीस वर्षांची होती. दिसायला साधी सेडान, पण इंजिन भलतंच तापट. मोकळ्या माळावर शंकू मांडून घड्याळाशी पळायच्या शर्यती असतात, त्यात अनिता हीच गाडी घेऊन उतरायची. पुढच्या चाकांना डिस्क होत्या, मागे मात्र जुने ड्रम. दोन फेऱ्या झाल्या की ते तापायचे, पेडल मऊ पडायचं, आणि मग वळणाच्या कितीतरी आधी वेग सोडावा लागायचा.

“इंजिन पळवतंय गं,” तिचे सासरे महिपती आबा म्हणायचे, “पन थांबवनार कोन?” आबांचा जन्म खंडाळ्याच्या घाटात ट्रक चालवण्यात गेला होता. मागे डिस्क बसवायचं टुमणं त्यांनीच लावलं होतं. इनायतभाईंना त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलची भंगारात निघालेली गाडी सापडली, तिच्या मागच्या डिस्क आणि त्यांना आवळून धरणारे कॅलिपर वडगावच्या गॅरेजात आले, आणि रविवारची शर्यत तोंडावर असताना तिघं कामाला लागले.

संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंना नव्या पॅडसकट डिस्क बसल्या. ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला आबा पेडलवर पाय ठेवून बसले.

“दाबा, आबा!” गाडीखालून अनिता म्हणाली. “धरून ठेवा... आता सोडा.”

“अजून किती?”

“बुडबुडे थांबेपर्यंत.”

“आगं, पेडल दगडावानी झालं बघ!” आबा खूश होऊन ओरडले.

तशीच गाडी काढून तिघं शिरगावकडच्या नव्या प्लॉटिंगच्या रस्त्यावर गेले. रस्ता रुंद, दूरवर कोणी नाही. इनायतभाई कडेला उतरले, आबा शेजारी पट्टा लावून बसले. अनिताने वेग घेतला आणि ब्रेक दाबला.

गाडीचा मागचा भाग अलगद बाजूला सरकला. पुढच्या क्षणी गाडी गर्रकन फिरली आणि आल्या दिशेला तोंड करून उभी राहिली. धुरळा काचेवरून निघून गेला. अनिता आबांकडे वळली.

“आबा, लागलं का कुठं?”

“मला काय व्हतंय? पन गाडी का फिरली, त्ये सांग.”

इनायतभाई धावत आले. रस्त्यावर मागच्या टायरांचे काळे पट्टे उमटले होते, पुढच्यांचे नव्हते. अनिता वाकून बघत राहिली. “मागचे ब्रेक आता जास्तच धरतायत,” ती म्हणाली. “ब्रेक मारला की वजन पुढं जातं, मागची चाकं हलकी होतात आणि आधी अडकतात.”

“मग मागचा दाब कमी करायला हवा, वहिनी,” इनायतभाई म्हणाले. “फिरवून कमीजास्त करता येतो असा व्हॉल्व्ह आहे माझ्याकडे.”

गाडी हळूहळू गॅरेजला नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पाइपवर व्हॉल्व्ह बसवून तिघं पुन्हा त्याच रस्त्यावर होते. आबा बाजूच्या बांधावर उकिडवे बसले, नजर चाकांवर. अनिताने हळू वेगापासून सुरुवात केली.

“मागचं!” आबांची आरोळी आली. इनायतभाईंनी व्हॉल्व्ह थोडा पिळला.

“अजून मागचंच!” पुन्हा पिळला.

पुढच्या खेपेला टायर किंचाळले, गाडीचं नाक खाली गेलं आणि ती रेघ मारल्यासारखी सरळ थांबली.

“पुढचं! आता पुढचं आदी अडकलं!” आबा बांधावर उभे राहून दोन्ही हात हलवत होते. अनिताने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तीही ओरडली.

रविवारी कामशेतजवळच्या माळावर नव्या, चकचकीत गाड्यांची रांग होती. अनिताची पाळी आली. पहिल्या वळणावर तिने सवयीने लवकर ब्रेक मारला आणि गाडी शंकूच्या बऱ्याच अलीकडे मंदावली. ‘एवढी जागा वाया?’ तिच्या मनात आलं. दुसऱ्या वळणाला ती आणखी पुढे गेली, तिसऱ्याला त्याहून पुढे. दर वेळी पेडल तसंच कडक, गाडी तशीच सरळ. भीती कुठल्या कुठे गेली. शेवटच्या वळणाला तर शंकू बॉनेटला भिडतो की काय असं वाटेस्तोवर तिने पाय उचललाच नाही. मग ब्रेक, वळण आणि पुन्हा सुसाट.

रेषा ओलांडून ती खाली उतरली तेव्हा भोंग्यावर काहीतरी सांगत होते. आबा इनायतभाईंना मिठी मारून नाचत होते.

“भाई, वेळ किती लागला?”

“कुणाला ऐकू आलं, वहिनी? आबांचा आवाज ऐका ना!”

धापा टाकत अनिता फळ्यापाशी गेली. आजवरचा तिचा सर्वांत कमी वेळ होता, आणि सगळ्या गाड्यांमध्ये दुसरा नंबर. मागून आबा येऊन पोचले. चष्मा नसल्यामुळे त्यांना फळ्यावरचं काही दिसेना.

“वाच की गं! कितवा?”

“दुसरा, आबा!”

“दुसरा!” ते सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडले. “आमचा दुसरा!”