लंबगोल चकती

नगरला स्टेशन रोडवर बन्सी उस्तादाच्या गॅरेजात एक कायदा होता. गाडीची ताकद वाढवायची असली की उस्ताद सगळ्यांना बाहेर काढायचा आणि शटर ओढून घ्यायचा. जालिंदरनं नऊ वर्षं त्या शटरबाहेर चहा पीत काढली. गिअरबॉक्स तो डोळे झाकून उतरवायचा, पण ही विद्या काही उस्ताद देईना. ती मिळाली की शेवगावात स्वतःचं गॅरेज टाकायचं, एवढ्या आशेवर गडी टिकून होता.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत तिसगावचे गहिनीनाथशेठ मुंबईहून घेतलेली लाल, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन आले. तक्रार एकच, दिसायला वाघ आणि दाबल्यावर मांजर. त्या दिवशी उस्ताद पहिल्यांदाच म्हणाला, "जालिंदर, तू आत थांब. माझ्यानं आता वाकवत न्हाई."

उस्तादानं इंजिन उघडलंच नाही. कार्बोरेटरवरच्या ज्या गोल चकतीभोवती रेसची केबल फिरते, तेवढी चकती काढायला लावली आणि कानशीनं घासलेली लंबगोल चकती तिथं बसवून घेतली. दहा मिनिटं लागली.

"आन् बाकी?"

"बाकी काय न्हाई. आता पाय टेकला की सुरुवातीलाच सगळी रेस उघडती. खालच्या निम्म्या पेडलात काय उरलं न्हाई. पन गिऱ्हाइकाला वाटतं, एवढ्याशात एवढी पळती, तर सगळं दाबल्यावर किती पळंल."

उस्तादाच्या ह्या हाताच्या शपथा जालिंदरनं आख्ख्या तालुक्यात खाल्ल्या होत्या. आणि तो हात म्हणजे शुद्ध थाप.

शेठनं त्याला बाजूला बसवून गाडी ट्रायलला काढली. करंजी घाट उतरून गाडी वळवली आणि चढणीला घातली. पाय टेकताच गाडी उसळली. शेठ लहान पोरासारखे हसायला लागले. दुसऱ्या वळणावर पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, मागं दोन ट्रॉल्या. शेठनं ओव्हरटेकला गाडी बेधडक बाहेर काढली. वरून एसटी आली. शेठनं राखून ठेवलेलं पेडल तळापर्यंत दाबलं. इंजिनाचा आवाजसुद्धा बदलला नाही.

"शेठ, खाली काय न्हाई. ब्रेक मारा."

गाडी कशीबशी ट्रॉलीमागं घुसली. उसाची टोकं काचेवर घासली. एसटी कानाजवळून गेली.

कडेला थांबल्यावर जालिंदरनं सगळं सांगून टाकलं, उस्तादाचं नाव घेऊन. जुनी गोल चकती खिशातून काढली आणि बॉनेटला हात घातला. शेठनं मनगट धरलं.

"हात लावू नको."

"शेठ, आत्ता मेलो असतो आपन."

"मेलो का? न्हाई ना. पायाखाली वाघ हाय असं आज पयल्यांदा वाटलं मला. ते काढतोस व्हय?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "उस्ताद थकला. शेवगावात तू गॅरेज टाक. अशा चकत्या बसव, दहा गाड्या मी धाडतो."

माणसाला खरं सांगितलं आणि माणसानं थापच मागून घेतली. शेठनं दार उघडून धरलं, पण जालिंदर बसला नाही. लाल गाडी उसळून निघून गेली.

तो पायी करंजीकडं उतरायला लागला. वरच्या वळणावर आणखी एक उसाचा ट्रॅक्टर कण्हत चढत होता. त्याच्यामागं रेसचा आवाज वाढला. जालिंदर जागीच थांबला आणि ब्रेक वाजतो का, ते ऐकत राहिला.