अडतीस नंबरचा बूट

मी बूट बोलतोय, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच आहे, पण तो मुळातच घुमा. त्याच्या वाटचंही मलाच बोलावं लागतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. रबराचा वास, दोरे आणि घाई, एवढंच तिथलं आठवतं. पुढे मॉस्कोतल्या एका दुकानात मांडून ठेवलं होतं, तिथं कुबात नावाच्या माणसानं मला उचललं. बांधकामावर राबून हात खरखरीत झालेले, बोलणं मात्र गोड. त्याच्याबरोबर एक बाई होती. तिनं मला पायात घातलं, दोन पावलं चालून बघितलं आणि म्हणाली, "अगदी बरोबर बसतोय." नंबर अडतीस.

तो उन्हाळा ती बाई मला घालून बागेत पळायला जायची. मग थंडी आली, तिची हौस फिटली आणि माझी रवानगी पलंगाखाली झाली.

बुरूलचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो पलंगाखालूनच. बुरूल ही कुबातची बायको. लांब तिकडे, इसिक-कुल सरोवराच्या काठी, त्याच्या गावात सासूजवळ राहते. कुबात चार वर्षं घरी गेला नव्हता. त्या दिवशी ती फोनवर सांगत होती, की वसंतात सरोवराच्या काठानं अर्धी मॅरेथॉन आहे, एकवीस किलोमीटरची, ठरलेल्या वेळेत संपवायची, आणि रस्ता आपल्या गल्लीतूनच जातोय.

"मलाही पळावंसं वाटतंय," ती म्हणाली.

कुबात हसला. "तू? गाय सुटली तरी तुला धाप लागते."

"लागू दे. बघते पळून."

"बरं, वेळेत पळून दाखव. तू वेळेत पोचलीस की त्याच आठवड्यात मी विमानात बसतो. शब्द देतो."

मागून एक म्हातारा आवाज आला, "मी ऐकलंय हं, कुबात. शब्द दिलायस." ती त्याची आई, शाकेनबाई.

फोन ठेवल्यावर त्या बाईनं विचारलं, "कोण होतं?" "घरचे," तो म्हणाला आणि बटाटे सोलायला बसला.

दोन दिवसांनी त्यानं मला बाहेर ओढलं, जुन्या टूथब्रशनं तळ घासले, खोक्यात घातलं आणि गावाकडे निघालेल्या एका ओळखीच्या हाती दिलं. अरे भल्या माणसा, बायकोचा पाय तरी आठव, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण बुटाला जीभ असते ती नावापुरती.

बुरूलनं खोकं उघडलं तेव्हा सासू समोरच बसली होती. बुरूलनं माझ्या आत हात घातला. बोटं पार पुढपर्यंत नेली आणि बराच वेळ तिथंच ठेवली. मग गुमान पाय कोंबला.

"कसे आहेत?" शाकेनबाईंनी विचारलं.

"छान आहेत, आई."

छान कसले? बुरूलला एकोणचाळीस लागतो. पहिल्या पावलापासून मी तिला चावलो. लोकांना वाटतं बूट मुद्दाम चावतो. मुद्दाम कोण चावेल असल्या पायाला? त्या पायाचा मला लळा लागला होता. पण मला पसरता येत नव्हतं, हे माझं दुर्दैव.

आमची जागा दाराशी, सगळ्या पादत्राणांच्या रांगेत. इथली रीत अशी, की पाहुणे आत जेवायला बसले की घरच्या सुनेनं बाहेर येऊन त्यांचे जोडे दाराकडे तोंड करून ठेवायचे, म्हणजे निघताना त्यांना वळावं लागू नये. बुरूल हे काम न चुकता करायची. स्वतःचे मात्र जिथं काढले तिथं, आत तोंड केलेले. सुनेला कुठं जायचंय?

रोज सकाळी गाय कळपात सोडली की ती मला घालून सरोवराच्या रस्त्यानं पळायची. फाटकाफाटकात बायका उभ्या असायच्याच.

"काय गं बुरूल, कुत्रं लागलंय का मागं?"

"नवऱ्याला आणायला निघालीय ती. पोचेल मॉस्कोला, दिवाणखाना झाडून ठेव म्हणावं त्याला."

बुरूल हसायची आणि पळायची. एरवी सून अशी रस्त्यानं धावली असती तर शाकेनबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण लेक परत यायचा होता. त्या स्वतः संध्याकाळी मेंढीच्या शेपटाची चरबी गरम करून सुनेच्या पोटऱ्या चोळायच्या. "वेळेत पोच गं बाई," एवढंच म्हणायच्या. आणि मी दाराशी सगळं पोटात घालून गप्प.

शर्यतीचा दिवस उजाडला. बुरूल नवशिकीच, इतरांच्या नादानं सुरुवातीलाच सुसाट सुटली. अर्ध्या वाटेवर तिचा दम उखडला. अंगठ्याचं नख माझ्या टोकावर आपटत होतं, मोजा ओला झाला होता, आणि तो घामानं नव्हे. तरी वेळ हातात होता. चालत, पळत, पुन्हा चालत ती आमच्या गावात शिरली.

फाटकापाशी शाकेनबाई ताटात ताजा नान आणि साय घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे मांडलेल्या भाकरीला तोंड लावल्याशिवाय कुणी दारावरून जात नाही. घाई असो, आजारपण असो, तुकडा मोडायचाच.

"तोंड लाव, पोरी, आणि पळ."

बुरूलनं तुकडा तोंडात टाकला. तिथंच घोळ झाला. पुढच्या दारात कुबातची आत्या ताट घेऊन उभी, त्याच्यापुढे चुलत सासू, त्याच्यापुढे शेजारीण. अख्ख्या गल्लीनं पहाटे उठून तंदूर पेटवला होता. आपली पोर पळतेय, तिला बळ नको का?

"सासूचा नान गोड आणि आमचा कडू होय गं?"

"तसं नाही, आत्याबाई."

"मग बस की घोटभर चहाला. किती वाळलीयस."

दर दारी एक तुकडा, दर दारी आशीर्वाद. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायची, तिची तळमळ माझ्या तळाला कळायची. पण ना तिला नाही म्हणता येत होतं, ना मला तिला ओढून नेता येत होतं.

गल्ली संपली तर पुढे कोशोय आजोबा. कुबातच्या आजोबांचे धाकटे भाऊ, कानानं अधू. हात पाठीमागे बांधून, अरुंद वाटेवरून गायीमागे निवांत निघालेले. थोरांची वाट कापून सुनेनं पुढे जायचं नसतं. बुरूल मागून चालायला लागली. खोकली. पुन्हा खोकली. आजोबा गायीशी हवापाण्याच्या गोष्टी बोलत होते.

आपल्या फाटकाशी वळताना त्यांनी तिला पाहिलं. "कोण, बुरूल? अगं, आज तुझी शर्यत ना? मग माझ्या मागं मागं काय चालतेस?"

त्यानंतर ती जी पळाली ती मी जन्मात विसरणार नाही. रडत होती आणि पळत होती. तिचं रक्त माझ्या अस्तरात मुरत होतं आणि मी आवळतच होतो.

पोचलो तेव्हा शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून तिची घडी घालत होते. एका मुलीनं बुरूलकडे पाहिलं, खोक्यातून एक पदक काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. "ताई, पोचलात ना, मग झालं."

शाकेनबाई शेजाऱ्याच्या गाडीनं येऊन थांबल्या होत्या. त्यांनीच फोन लावला. "पोचली बघ तुझी बायको."

"वेळेत?" कुबातनं विचारलं.

बुरूल म्हणाली, "नाही. थोडा उशीर झाला."

तो हसला. सुटल्यासारखा हसला. "मग शब्द कुठला पाळू?"

"आम्ही थांबवलं रे तिला," शाकेनबाई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी. नान खायला."

"आई, अट म्हणजे अट." आणि फोन बंद झाला.

शाकेनबाई खाली बसल्या आणि सुनेच्या पायातून मला ओढून काढलं. दोन नखं काळीनिळी झालेली. त्यांनी मला उलटंसुलटं केलं, आकडा वाचला, आतलं गादीचं पान बाहेर काढलं. त्यावर पाच बोटांचे खोलगट ठसे होते, आणि त्यांच्या पुढे, कडेला, रक्ताचे डाग.

"लग्नात तुझ्या पायात बूट मी चढवले होते. एकोणचाळीस नंबर," त्या म्हणाल्या. "हा अडतीस त्यानं कुणाच्या पायावरून आणला?"

"मला माहीत आहे, आई. खोकं उघडलं त्याच दिवशी ठसे हाताला लागले."

"आणि तरी पळालीस?"

"वाटलं, पळून पळून पुसले जातील."

त्या दिवशी संध्याकाळी गल्ली घरी जेवायला लोटली. बुरूल लंगडत बाहेर आली, सगळ्यांचे जोडे दाराकडे फिरवले. पाहुणे गेले. मग शाकेनबाई गुडघ्यावर हात टेकत वाकल्या, डोईच्या रुमालाच्या टोकानं आम्हा दोघांना पुसलं आणि आमची तोंडं दाराकडे केली. सासूनं सुनेचे बूट फिरवलेले या गावात कुणी पाहिलेलं नाही.

बुरूल लगबगीनं लंगडत आली. "आई, हे काय करताय? मला लाजवू नका."

"त्याची वाट बघायला मी आहे," शाकेनबाई म्हणाल्या. "मी आई आहे, मला सुटका नाही. तू कशाला बसतेस?"

तेव्हापासून मी असाच आहे. बुरूलनं मला पुन्हा आत फिरवलं नाही आणि पायातही घातलं नाही. सकाळी गाय सोडून येते, उंबऱ्यात अनवाणी उभी राहते, रस्त्याकडे बघते, मग आमच्याकडे बघते. तिच्या पायाची बोटं लाकडावर हलतात. मग चहा ठेवायला आत जाते.

मला हाक मारता येत नाही. आली असती तरी कुठल्या तोंडानं मारू? तिला जायचं असेल तर मला घालून फार लांब जाता येणार नाही, ते ठसे अजून तसेच आहेत. तुम्हाला हात आहेत, वाचा आहे. कधी बाजारात गेलात तर तिच्यासाठी एक जोड बघा, मजबूत, पळता येईल असा. कुणी न घातलेला.

एकोणचाळीस नंबर. तुम्ही तरी विसरू नका.