हँडल उलटं मारणारं भूत

भाताची रोवणी अर्धी सोडून बाया चौकात आल्या होत्या. पायाला चिखल तसाच. मधोमध देवाजीभाऊची जुनी जीप, बोनट थोडं उचललेलं, त्यावर काळं कापड, आणि कापडाखाली झिंगूबाबाचे हात कोपरापर्यंत आत.

"कापड काऊन टाकते जी?" एकीने विचारलं.

"भुताले उघड्यावर निघायले लाज वाटते," बाबाचा चेला विक्की म्हणाला.

यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही.

बाबाने तीनदा हुंकार दिला, हात बाहेर काढले आणि धोतराला पुसले. विक्कीने समोरून लोखंडी हँडल घालून एक फेरा मारला. इंजिन सुरू झालं. लोक पाया पडले. काही बाबाच्या, काही जीपच्या.

उर्वशी मागे उभी राहून बघत होती. आयटीआय करून गावात पंप आणि मोटरसायकली दुरुस्त करायची ती. जीपला मात्र तिला हात लावू देत नव्हते. बोनट कोणी उघडायचं नाही, असा बाबाचा हुकूम होता आणि गावाने तो निमूट पाळला होता.

आरमोरीच्या दवाखान्यात जायला गावात ही एकच गाडी. सेल्फ कधीचाच मेलेला, म्हणून हँडल. पेशंट मागे झोपवायचा आणि पुढच्या सीटवर बसायची रंभाबाई, गावची आशाताई. ताप असो की साप, ती आधी जीप काढायला लावायची. त्यामुळे बाबाच्या अंगणातली गर्दी वर्षभरात निम्म्यावर आली होती.

सोमवारी सकाळी जीपवर काम करणाऱ्या धनराजने हँडल मारलं. ते उलटं फिरलं आणि त्याच्या मनगटावर बसलं. बाबाने हाताला अंगारा बांधला, दुपारी भूत काढलं. मंगळवारी सकाळी भूत परत हजर, दुपारी परत बाहेर. आज बुधवार. भूत वेळेचं पक्कं होतं. रात्री ते येऊ नये म्हणून विक्की जीपमध्येच झोपायचा, तरी यायचं.

"करणी करनारी पुढच्या सीटवर बसते," बाबा म्हणाला. "दिवस मावळाच्या आत रंभीनं गाव सोडलं पाहिजे. नाई तं उद्या हे भूत कोनाची तरी मान मोडन."

रंभाबाई पिंपळाच्या पारापाशी उभी होती. तिच्या आजूबाजूला दहा हात जागा रिकामी झाली होती. देवाजीभाऊ खाली बघत म्हणाला, "रंभाबाई, चार दिवस माहेरी जाऊन ये ना."

"चार दिवसानं कोन आनन मले परत?"



उर्वशी पुढे आली, इंजिन बंद केलं, कापड ओढून खाली टाकलं आणि बोनट पूर्ण उघडलं.

"भाऊ, हे डबडं पाहा. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते हे ठरवते. काल दुपारी गाडी चांगली चालत होती अन् विक्की जेवाले गेला होता, तवा मी डबड्यावरून खालच्या लोखंडावर चुन्याची एक रेष ओढली. आज सकाळी पाह्यली तं रेष तुटली होती. वरचा तुकडा बोटभर सरकला होता. आता पाहा."

देवाजीभाऊने वाकून पाहिलं. रेष सरळ जुळलेली होती.

"भूत आलं तं डबडं सरकते, भूत गेलं तं जागेवर येते," उर्वशी म्हणाली. "अन् नट ढिला आहे. बोटानं फिरते."

तिने डबडं फिरवून दाखवलं. रेष तुटली.

"आता ठिणगी लवकर पडन. पिस्टन वर येऊन राह्यला असतानाच खाली ढकलल्या जाईन, अन् हँडल उलटं मारन. बाबा, या. तुमच्या ताब्यातलं भूत आहे. मारा हँडल."

"आज मले उपास आहे," बाबा म्हणाला.

"विक्की, तू?"

"मायाबी उपास आहे."

"सकाळी पोहे खाल्ले ना रे याने माया घरी," कोणीतरी म्हणालं.

"तू कोन्त्या गॅरेजात होता रे आधी?" देवाजीभाऊने विचारलं. विक्कीने गॅरेजचं नाव सांगितलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही.

उर्वशीने डबडं फिरवून रेष जुळवली, नट पान्याने कसला आणि हँडल वर धरलं. "आता कोनीबी मारा."

कोणी हलेना. मग रंभाबाई पुढे आली. हातातली पिशवी खाली ठेवून तिने हँडल घेतलं. उलटं बसलं असतं तर मनगटही गेलं असतं आणि गावही. तिने फेरा मारला. एकदा काही झालं नाही. दुसऱ्यांदा इंजिन सुरू झालं.

"रंभाबाई, मले माफ..." देवाजीभाऊने सुरुवात केली.

"ते मंग. धनराजले बसवा आधी. हात पाहा त्याचा, तीन दिवसात सुजून ढेमसावानी झाला."

धनराजला मागे बसवलं. रंभाबाई पुढे बसली. चौकातून बाबा कधी गेला ते कोणी पाहिलं नाही, कारण सगळे बोनटखाली डोकं घालून रेष पाहत होते. बोनट उघडून पाहणं त्यांना सोमवारीच जमलं असतं. बोनटला कुलूप नव्हतं, नुसता हुकूम होता. कोणी म्हटलं पाहू नका, तर तिथेच आधी पाहावं. बाईकडे बोट दाखवून कोणतंही इंजिन सुरू होत नाही.