आठ आणि दहाच्या मधला पाना

लॉन्ड्रीतलं मोठं धुलाईयंत्र ऐन कामाच्या वेळी रुसलं. मोटर गरगर फिरत होती, पण आतला ढोल जागचा हलेना. वसतिगृहाच्या चादरी साबणाच्या पाण्यात तशाच पडून होत्या आणि त्या संध्याकाळपर्यंत घड्या घालून पोचवायच्या होत्या.

लॉन्ड्री दोघी जावांची. थोरली यंत्रं सांभाळायची, धाकटी इस्त्री आणि गिऱ्हाइकं. थोरलीने स्विच बंद करून मागचं झाकण काढलं.

"पट्टा ढिला पडलाय. मी पहारीने मोटर ओढून धरते, तू नट आवळ. आधी मापाचा पाना शोध."

"मी?"

"मग काय, चादरींना हाक मारू?"

यंत्र जुनं, त्याचे नट इंचातले. खोक्यातल्या प्रत्येक पान्यावर अपूर्णांक कोरलेला. ते बघूनच धाकटीने तोंड वाकडं केलं. शाळेत अपूर्णांक सुरू झाले आणि तिचं नि गणिताचं जे बिनसलं, ते कायमचं.

तिने अर्ध्या इंचाचा पाना लावला. तो नटावर चढेचना. पाच छेद आठचा लावला, तर तो नुसताच गोल फिरला.

"ह्यांच्या मधला बघ," थोरली म्हणाली.

धाकटीने सात छेद सोळाचा उचलला. आकडे चांगले मोठे होते, म्हणून. तो तर अर्ध्याहूनही लहान निघाला!

"जाऊ दे गं, खोकं पालथं कर आणि एकेक लावून बघ."

तसं करता आलं असतं. पण धाकटी आता इरेला पेटली होती. "नाही जाऊबाई. आज ह्याचा छडाच लावते."

तिने खिळ्यावरची पोलादी पट्टी काढली आणि एका इंचावर नाक टेकवलं. बारीक रेघांनी इंचाचे सोळा भाग केले होते. अर्ध्या इंचाच्या रेघेवर नख ठेवून तिने मोजलं. सहा, सात, आठ.

"अहो, अर्धा म्हणजेच आठ छेद सोळा! रेघ तीच!"

"तीच की. तुला माहेरी छकुली म्हणतात, गिऱ्हाईक मॅडम म्हणतं. बाई बदलते का?"

धाकटी ऐकतच नव्हती. इंचाच्या आठव्या भागात बारीक भाग दोन. म्हणजे तशा पाच भागांत दहा. "खाली आठाचे सोळा झाले, दुप्पट. मग वर पाचाचेही दुप्पट, दहा! एक पाना आठ सोळांश, दुसरा दहा सोळांश. मधला नऊ! नऊ छेद सोळा!"

खोक्यात हात घालून तिने तो शोधला आणि नटावर ठेवला. असा चपखल बसला की तिच्या तोंडून आनंदाची आरोळीच निघाली. थोरलीने मोटर ओढून धरली, धाकटीने दातओठ खात नट आवळला.

उरलं झाकण. त्याचा नट निराळा, मघाशी थोरलीने तो पक्कडीनेच सोडवला होता. त्याला पाच छेद आठचा पाना लहान पडला आणि पाऊण इंचाचा ढिला झाला. थोरलीने पट्टीकडे हात नेला.

"राहू दे ती," धाकटी म्हणाली. तिने डोळे मिटले. "पाच छेद आठ म्हणजे दहा सोळांश, ते झालं. पाऊण म्हणजे तीन छेद चार. चाराचे सोळा, चौपट. मग तिनाचे बारा. दहा, बारा... अकरा छेद सोळा द्या."

थोरलीने तो काढून दिला. पहिल्याच फटक्यात बसला!

स्विच दाबला तशी पट्ट्याने पकड घेतली आणि ढोल धडधडत फिरू लागला. काचेआड चादरी उसळल्या. धाकटीने पाना उंच धरून तिथेच गिरकी घेतली. बाहेर थांबलेलं गिऱ्हाईक डोकावून बघायला लागलं, तर त्यालाही तिने हसून हात केला.

"उद्यापासून यंत्रांचं अर्धं काम तुझं," थोरली कपाळ पुसत म्हणाली. "आठ छेद सोळा."

"बारा छेद चोवीस म्हणा," धाकटी म्हणाली, "नाहीतर पन्नास छेद शंभर. मी काही कमी घेणार नाही!"