एकाला एकच नोकरी

कॉलेजात मुलांना नोकरीला लावायचं काम मामांकडे, आणि नियमही त्यांचाच: एका कंपनीनं निवडलं की दुसरीच्या मुलाखतीला बसायचं नाही. हुशार पोरांनीच सगळं पळवायचं आणि बाकीच्यांनी काय हात चोळत बसायचं? नियम चांगलाच होता हो.

त्यांची भाची त्याच कॉलेजात स्थापत्यच्या शेवटच्या वर्षाला होती. घरात तिला भिंगरी म्हणत. तिला पूल बांधायचे होते. पूल बांधणारी कंपनी वर्षाअखेरीस यायची, त्याआधी फरशा विकणारी आली. "बसून टाक गं," मामा म्हणाले. "पुलांचं पुढचं पुढे." भिंगरी बसली आणि निवडलीही गेली. शिवणकारखान्यात काम करून तिच्या आईचे डोळे पार अधू झाले होते. "बास आता, पोरगी कमावती झाली," असं मामांनीच या धाकट्या बहिणीला सांगितलं, आणि तिनं काम सोडलं.

पूलवाले आले तेव्हा भिंगरी मामांच्या टेबलापुढे उभी राहिली. "मामा, एकदाच बसू दे ना रे." मामांनी तिचं नाव लिहायला पेन उचललंही. पण दारात अख्खा वर्ग कान टवकारून उभा! सख्ख्या भाचीला सूट दिली तर तोंड दाखवायला जागा उरली असती का? "नियम म्हणजे नियम," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. पोरगी मान खाली घालून गेली. मामांना स्वतःचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

निकाल लागला आणि फरशीवाल्यांनी हात वर केले. भरतीच रद्द.

मामा धावतपळत पूल कंपनीच्या ऑफिसात गेले. भरती बघणाऱ्या बाईंपुढे त्यांनी अक्षरशः हात जोडले. पोरगी सोनं आहे, कुठेही घ्या.

"सोनं आहे, मग आमच्यापुढे बसवली का नाहीत?" बाई म्हणाल्या. मामांनी नियम सांगितला. बाई हसल्या. "असले नियम सगळीकडे असतात हो, आणि चांगल्या मुलीसाठी सगळे वाकवतात. सख्खा मामाच अडवतो, म्हणजे काहीतरी असणारच."

मामा शपथा घेत राहिले. बाईंनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

संध्याकाळी बहिणीनं दार उघडलं. "जागा भरल्या गं," मामा धडधडीत खोटं बोलले.

"असू दे दादा. तू धडपडलास तरी," ती म्हणाली. "मीच कारखान्यात विचारायला गेले होते, भिंगरीला घेऊन. मुकादम म्हणाला, सुईत दोरा ओवून दाखव. मला मेलं काही केल्या जमेना. शेवटी हिनं ओवला."

"मग?"

"मग काय, हिलाच ठेवून घेतलं. उद्यापासून जायचंय."