कोलंबीची बाधा

आवडाबाईच्या हातांवर जाड, पांढरट पुटं चढली आणि जयगडच्या बाजारात कुजबुज सुरू झाली. महारोगाचं नाव तिच्या तोंडावर कुणी काढलं नाही, पण तिच्या पाटीतले बांगडे तसेच पडून राहू लागले. बाई हट्टी. तिने आपणहून ताट वेगळं केलं, अंथरूण पडवीत नेलं आणि तान्ह्या नातीला मांडीवर घेणं बंद केलं. दुरूनच तिला हाका मारायची, मग तोंड फिरवून डोळे पुसायची.

शेवटी सून मनिषा बाळाला काखोटीला मारून सासूला ओढतच रत्नागिरीला घेऊन आली. डॉक्टर फिजाने हाताला सुई टोचून पाहिली. महारोगात कातडी बधिर होते. इथे आवडाबाईने सणसणीत शिवी हासडली. सोरायसिस म्हणावं, तर मेडिकलवाल्याने त्यावर म्हणून दिलेली ट्यूब चोपडून दुखणं वाढलंच होतं. खाज येते का, या प्रश्नाला जरासुद्धा नाही असं उत्तर आलं. फिजा बुचकळ्यात पडली.

तेवढ्यात तिचं लक्ष मनिषाकडे गेलं. ती कंबर खाजवत उभी होती. काय होतंय, असं विचारताच तिने हात झटकला.

"काय नाय ओ, कोलंबी बाधली. सगल्या घरालाच बाधलीय."

कोकणात खाज सुटली की आळ कोलंबीवर. सोलताना बोटांना ती बाधतेही, खोटं कशाला बोला. पण फिजाही बंदरावरच्याच घरातली.

"कोलंबी कमरेनं सोलतेस काय गो?"

मग तिने आवडाबाईच्या हाताची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खरजेच्या किड्यांचा नुसता बाजार भरला होता. खाजेशिवाय खरूज कसली, म्हणून आवडाबाई उखडली. फिजाने समजावलं, की उतारवयात, त्यात त्या ट्यूबमुळे खाज दबते आणि किडे मोकाट माजतात. औषध साऱ्या घराने एकदमच घ्यायचं.

आवडाबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे नातीला माज्यामुलं झाला?"

"हो. पण तीही बरी होईल आणि तुम्हीही."

गोळ्या, मलमं आणि कपडे उकळणं यात बरेच दिवस गेले. पुटं गळली, खालून कोवळी कातडी आली. फिजाने सूक्ष्मदर्शकातून पुन्हा पाहिलं, एकही किडा उरला नव्हता. तरी आवडाबाई हात पदराखालीच लपवून बसली. मनिषाने लेक तिच्या मांडीत ठेवली. आवडाबाई ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी नातीला कडेवर घेऊन ती बाजारात उभी राहिली आणि बांगड्यांच्या आधी तिने आपलं दुखणंच ओरडून सांगितलं.

"खरूज होती गो बायांनो, खरूज!"

खरजेचं नाव इतक्या आनंदाने त्या बाजारात कुणी घेतलं नव्हतं.